चौकात सायकल आणि कंटेनर

कळंबोली सर्कलवर न्हावा-शेवा बंदराचे कंटेनर, लोखंड बाजाराचे ट्रेलर वळतात. तिथूनच आपली माणसं सायकलने कामावर जातात. लांब गाडी डावीकडे वळताना तिची मागची चाकं पुढच्यांच्या मागोमाग जात नाहीत, आतून कापत जातात. शेजारची सायकल ड्रायव्हरला दिसतही नाही. अपघात विभागात आम्ही पाहिलेले चिरडलेले पाय बहुतेक या मागच्या चाकाखालचेच. म्हणून डावीकडून पुढे घुसू नका, मागेच थांबा.

सर्कलमध्ये आधीपासून फिरणाऱ्याला, सायकलवाल्यालाही, नियमाने पहिला हक्क आहे. पण सायकल ट्रॅक आखतात सरळ रस्त्याला आणि चौक आला की तो संपतो! महापालिकेकडे मागायचं ते हे: ट्रॅक चौक ओलांडून न्या, गल्लीच्या तोंडाशी तो उंच ठेवा म्हणजे गाड्यांचा वेग उतरेल, आणि सिग्नलला सायकलची थांबरेषा गाड्यांच्या पुढे आखा.