पाळीसोबत येणारे मूत्रकृच्छ्र

मूत्रदाह, वारंवार मूत्रप्रवृत्ती, ओटीपोटात शूल आणि रुग्णा तरुण, म्हणजे जंतुसंसर्ग, असे आपण सहज गृहीत धरतो. परंतु मूत्राचे कल्चर वारंवार निर्दोष येत असेल व लक्षणे दरमहा पाळीच्या सुमारास उसळत असतील, तर एंडोमेट्रिओसिसची शंका अवश्य घ्यावी.

या व्याधीत गर्भाशयाच्या अंतःस्तरासारखी ऊती अन्यत्र वाढते. मूत्रवह संस्थेत ती सुमारे १ टक्का रुग्णांतच पोहोचते. त्यातही बस्ती हे तिचे प्रमुख स्थान. बाहेरून ती बस्तीच्या स्नायूस्तरात शिरते आणि संप्रेरकांच्या चक्रानुसार सुजते. आतील श्लेष्मल स्तर बहुधा अबाधित राहतो. म्हणूनच अनेकींना मूत्रातून रक्त जात नाही, व दुर्बिणीतून पाहिले तरी बस्ती निर्दोष दिसू शकते.

खरा धोका गवीनीचा आहे. तेथे अवरोध झाल्यास विशेष वेदना न होताही वृक्क निकामी होऊ शकतो. चंद्रप्रभा वा गोक्षुरादि गुग्गुळाने दाह शमला, म्हणजे अवरोध गेला असे नव्हे. अशा रुग्णेची वृक्कांसह सोनोग्राफी करवावी. आवश्यक तेथे एम.आर.आय. व स्त्रीरोगतज्ज्ञ, मूत्ररोगतज्ज्ञ यांचा सल्ला घ्यावा. पूर्वी सिझेरियन झाले आहे काय, हेही विचारावे.

पाळीची तारीख विचारणे मात्र राहून जाते. सासूबाई शेजारी बसलेल्या असतात! औषधविक्रेत्या बंधूंना तर ही लय अधिक सहज दिसेल: तीच भगिनी, दरमहा, त्याच सुमारास, लघवीच्या जळजळीचे तेच औषध मागते. तिला पुढील बाटली देताना वैद्यांकडे अवश्य पाठवावे.