ट्रम्पेटविना आर्मस्ट्राँग

जॅझ संगीतकारावरच्या नाटकात त्याचे वादन भरपूर ऐकायला मिळावे, अशी प्रेक्षकांची अपेक्षा असते. टेरी टीचआऊट यांनी लुई आर्मस्ट्राँगवर लिहिलेले ‘सॅचमो ॲट द वॉल्डॉर्फ’ हे एकपात्री नाटक मात्र मैफल संपल्यावर सुरू होते. काळ मार्च १९७१ चा, जागा न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ ॲस्टोरिया हॉटेलातला रंगपट. थकलेला, आजारी आर्मस्ट्राँग टेपरेकॉर्डरपुढे मन मोकळे करतो. त्यानंतर चारच महिन्यांनी, ६ जुलैला, त्याचे निधन झाले. वादन बाजूला ठेवल्यामुळेच या नाटकाला कलावंताच्या हसऱ्या चेहऱ्याची किंमत तपासता येते, असे मला वाटते.

ही तपासणी नाटकाच्या रचनेतच आहे. एकच नट आर्मस्ट्राँग, त्याचा गोरा व्यवस्थापक जो ग्लेझर आणि तरुण पिढीचा ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस अशा तिघांच्या भूमिका करतो. गोऱ्या प्रेक्षकांसमोर दात काढून हसण्याची आर्मस्ट्राँगची सवय डेव्हिसला खुपत असे. हा आक्षेप आर्मस्ट्राँगच्याच देहातून उमटतो, तेव्हा तो केवळ परक्याची टीका राहत नाही. पण आक्षेप खरा मानला, तरी तो अपुरा आहे. १९५७ मध्ये लिटल रॉकच्या शाळेत कृष्णवर्णीय मुलांना अडवले गेले, तेव्हा याच हसऱ्या माणसाने अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यावर जाहीर टीका केली आणि सरकारतर्फे ठरत असलेला सोव्हिएत दौरा नाकारला. वर्णभेदाच्या अमेरिकेत एवढे बोलणे म्हणजे आयुष्यभर कमावलेली लोकप्रियता पणाला लावणे होते.

रंगपटातली ही वाक्ये नाटककाराने रचली आहेत, मग ती खरी कशी मानायची, असे कोणी विचारेल. शब्दशः ती मानूच नयेत. पण टीचआऊट यांनी आधी आर्मस्ट्राँगचे चरित्र लिहिले होते, आणि आर्मस्ट्राँगने स्वतः ध्वनिमुद्रित केलेल्या शेकडो टेप मागे ठेवल्या आहेत. त्यांत प्रेक्षकांपुढे कधी न आलेला, रोखठोक, प्रसंगी शिवराळ माणूस भेटतो. त्यामुळे नाटकातला संताप हवेतून आलेला नाही. राहिले संगीत. ते ध्वनिमुद्रिकांत सुरक्षित आहे आणि कुठलाही नट त्याची बरोबरी करू शकणार नाही. त्या सुरांमागे कोणत्या तडजोडी होत्या, त्यांतल्या कोणत्या परिस्थितीने लादल्या आणि कोणत्या त्याने स्वतः पत्करल्या, हे मात्र ध्वनिमुद्रिका सांगत नाही. चरित्रनाटकाने तेच काम करावे.