चौदाव्या वर्षी संपणारा हक्क

निगडीच्या ओटास्कीममधून प्राधिकरणाच्या रुंद, सावलीच्या रस्त्यांवर यावयास फारसा वेळ लागत नाही. परंतु जी मुलगी हे अंतर रोज गणवेश घालून तोडते, तिच्या लेखी ते मिनिटांत मोजण्याजोगे नसते. शिक्षणहक्क कायद्याच्या पंचवीस टक्के जागांतून इंग्रजी शाळेत गेलेली कामगाराची मुलगी आता या उद्योगनगरीत अपूर्वाईची राहिलेली नाही. ज्या इमारतीतील मैत्रिणीशेजारी ती बाकावर बसते, त्याच इमारतीत तिची आई धुण्याभांड्यास जात असणे अशक्य नाही. सहलीची वर्गणी, वाढदिवसाची भेट, ‘तू राहतेस कुठे?’ हा साधा प्रश्न आणि आडनाव ऐकताच क्षणभर थांबणारी नजर, या परीक्षा कोणत्याही वेळापत्रकात नसतात. पण त्या तिला रोजच द्याव्या लागतात.

शाळेच्या दाराशी उभ्या असलेल्या अशा मुलीची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या किशोरवयीन मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 1855 साली ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाला. अवघ्या काही वर्षांच्या शिक्षणाने त्या मुलीला धर्मसत्तेलाच जाब विचारण्याचे बळ दिले. पुढे 1873 साली जोतीरावांनी आपली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती निग्रो दास्य मोडणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना. दोन खंडांतील दुःखांचे नाते त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

त्याच अमेरिकेत 1957 साली लिटल रॉक येथे पंधरा वर्षांची एलिझाबेथ एकफर्ड ही कृष्णवर्णीय मुलगी एकटीच शाळेकडे निघाली, तेव्हा वाटेत संतप्त जमाव होता आणि गव्हर्नरचे सशस्त्र शिपाई तिला आत जाऊ देत नव्हते. न्यायालयाचा निकाल तिच्या बाजूने होता. अखेर अध्यक्षांनी सैन्य पाठवून दार उघडले. परंतु आत मिळणारी वागणूक सैन्याला बदलता आली नाही. दार उघडणे हे कायद्याचे काम. वर्गात जागा देणे हे समाजाचे.

आपल्याकडे तर कायद्याचे कामही अर्धेच झाले आहे. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेला हा कायदा सहा ते चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांचा, म्हणजे आठवीपर्यंतचा आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य शासनाने, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळांना या बंधनातून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत तो बदल रद्द केला, म्हणून दार उघडे राहिले. परंतु आठवी संपली की तीच शाळा पूर्ण शुल्क मागू शकते. शासकीय व अनुदानित शाळांत मुलींना बारावीपर्यंत शुल्क माफ आहे, हे खरे. पण आठ वर्षे इंग्रजीतून शिकलेल्या मुलीने दहावीच्या उंबरठ्यावर शाळा, आणि कदाचित माध्यमही, बदलावे काय?

गंमत अशी की 2024 पासून याच राज्यात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास व सामाजिक-शैक्षणिक मागास कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक पदवीचे शिक्षण शुल्क माफ झाले आहे. नदीच्या दोन्ही काठांवर पूल बांधून मधले खांब उभारावयाचे विसरावे, तसे हे झाले.

खासगी संस्थाचालक म्हणतील, शासनाकडील प्रतिपूर्ती वेळेवर येत नाही. आणखी भार आम्ही का सोसावा? या तक्रारीत तथ्य आहे आणि तिचे उत्तर शासनानेच दिले पाहिजे. परंतु देणेकरी आणि घेणेकरी यांच्या भांडणात वर्गाबाहेर मुलीने उभे राहणे न्याय्य नव्हे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बारावीपर्यंतच्या शिक्षणाचा उच्चार केलाच आहे. तो कायद्यात उतरला पाहिजे.

तोवर शिक्षकांच्या हाती एक गोष्ट आहे. हजेरी घेताना ‘पंचवीस टक्क्यांतली मुले’ अशी वेगळी हाक देऊ नये. त्या मुलीला नाव आहे. तिला नावानेच हाक मारावी.