जहाजं जळतात म्हणून कारखाने चालतात

ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळात वस्तू बनवून विकण्यात काही अर्थ आहे का, असं मला कोणी विचारलं की मी आधी एकच गोष्ट विचारतो. त्या खेळात वस्तू नष्ट होतात का? एकदा घडवलेली तलवार जर कधीच मोडणार नसेल, हरवणार नसेल, झिजणार नसेल, तर लोहाराचं गिऱ्हाईक आज ना उद्या संपणार. सगळ्यांकडे तलवारी झाल्या की भट्टी पेटवायची कुणासाठी? जिथे माल जळतो, बुडतो, फुटतो, तिथे मात्र कारागिराला रोज काम असतं आणि व्यापाऱ्यालाही.

हे मी 'ईव्ह ऑनलाइन'मुळे म्हणतो. आइसलंडच्या सीसीपी कंपनीने ६ मे २००३ रोजी हा अंतराळातला खेळ सुरू केला आणि तो अजून चालू आहे. चीनचा स्वतंत्र सर्व्हर सोडला तर जगभरातले खेळाडू एकाच विश्वात असतात. माहीत असलेल्या तारामंडलांची संख्याच पाच हजारांवर आहे. या विश्वातली बहुतेक सगळी जहाजं, तोफा, दारूगोळा आणि ढाली खेळाडूच बनवतात. आणि जहाज फुटलं की फुटलं. विम्याचे काही पैसे हाती येतात, जहाज परत येत नाही. पुन्हा लढायचं तर नवं विकत घ्यावं लागतं, आणि ते कुणीतरी बसून बनवलेलं असतं.

मागचा इतिहास थोडक्यात सांगून मोकळा होतो. १९९७च्या 'अल्टिमा ऑनलाइन'पासून सुतार, शिंपी, लोहार हे व्यवसाय अशा खेळांत रुळले. १९९९ला 'एव्हरक्वेस्ट' आला. त्यातल्या नॉराथ या काल्पनिक जगावर एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अर्थशास्त्रज्ञाने २००१मध्ये शोधनिबंध लिहिला. तिथल्या वस्तूंना बाहेर मिळणाऱ्या खऱ्या डॉलरांवरून हिशेब करून त्याने नॉराथचं दरडोई उत्पन्न रशिया आणि बल्गेरिया यांच्या मधोमध बसवलं. २००४ला 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आला आणि लिलावघर लाखो घरांत पोचलं. 'डायब्लो ३'ने २०१२मध्ये खऱ्या पैशांचं लिलावघर काढलं. लोक राक्षस मारण्याऐवजी तिथेच खरेदी करत बसले, आणि मार्च २०१४मध्ये ते बंद करावं लागलं.

आता मुद्द्यावर येऊ. बहुतेक खेळांमध्ये नवशिक्या कारागिराचा व्यवहार आतबट्ट्याचा का ठरतो? कारण तिथे कौशल्य वाढवायचं तर वस्तू बनवतच राहावं लागतं. शंभर सदरे शिवा, मग चांगला कोट शिवता येईल. ते शंभर सदरे कुणालाच नको असतात. 'अल्टिमा'त असा माल खेळाने चालवलेल्या दुकानांच्या गळ्यात मारला जाई, आणि दुकानं त्याचे पैसे मोजत गेल्यामुळे जगात नाणी वाढून महागाई भडकली. 'वॉरक्राफ्ट'च्या लिलावघरात आजही कित्येकदा तयार चिलखतापेक्षा त्याला लागणारा कच्चा धातूच महाग असतो. शिकाऊ लोक मिळेल त्या भावाला माल काढतात, त्यांना शिकायचं असतं, कमवायचं नसतं. तिथे टिकतात ते काढे आणि मात्रा बनवणारे, कारण काढा पिऊन संपतो.

'ईव्ह'ने ही अडचण मुळातूनच काढली. इथे कौशल्य हाताने वाढत नाही, काळाने वाढतं. शिकायचा विषय रांगेत लावायचा आणि घड्याळ चालू द्यायचं, तुम्ही झोपलेले असलात तरी शिक्षण चालूच. त्यामुळे निव्वळ सरावासाठी ढीगभर निरुपयोगी माल बाजारात ओतायचं कुणाला कारण उरत नाही. जे बनतं ते विकण्यासाठी किंवा वापरण्यासाठी बनतं. माझ्या मते खेळाच्या अर्थव्यवस्थेत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत घेतलेला हा सर्वांत शहाणा निर्णय आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

कारखान्याचं काम ब्लूप्रिंटवर चालतं. मूळ ब्लूप्रिंट कितीही वेळा वापरता येते, तिची प्रत ठरावीक वेळाच. मूळ ब्लूप्रिंटवर संशोधन करून लागणारं खनिज एकेक टक्क्याने कमी करत नेता येतं, जास्तीत जास्त १० टक्क्यांपर्यंत. शेवटच्या पायऱ्यांना फार वेळ लागतो, पण बाजारात सगळेच १० टक्क्यांवर असतात, त्यामुळे ९वर थांबलेला मागे पडतो. वरच्या दर्जाच्या, म्हणजे टेक टू मालाच्या मूळ ब्लूप्रिंट सुरुवातीला चक्क सोडतीने वाटल्या गेल्या. ज्यांना लागल्या त्यांची बराच काळ मक्तेदारी होती. नंतर 'इन्व्हेन्शन'ची सोय आली, प्रतीवर प्रयोग करून कोणालाही असा माल काढता येऊ लागला, आणि ती पकड सैल झाली.

नवशिके जिथे हमखास अडतात ती जागा अशी. माझा भाचा खेळायला लागला तेव्हा तो स्वतःच खाणकाम करायचा आणि त्या खनिजाच्या तोफा बनवायचा. एकदा मोठ्या आनंदाने म्हणाला, "मामा, तोफ आठ लाख सत्तर हजाराला गेली. सगळा नफाच, खनिज तर फुकटचं!" मी त्याला बाजाराची खिडकी उघडायला लावली. तेवढं खनिज तसंच विकलं असतं तर नऊ लाख आले असते. म्हणजे कारखान्याचं भाडं, विक्रीकर आणि दलाली धरायच्या आधीच त्याने प्रत्येक तोफेमागे तीस हजार आयएसके (हे तिथलं चलन) घालवले होते. खाणीतून स्वतः काढलेलं खनिज फुकट नसतं. त्याची किंमत बाजारात त्याला मिळेल तेवढी असते. पण हजारो लोक फुकटच्याच हिशेबाने बनवतात, म्हणूनच काही वस्तूंचे भाव कच्च्या मालाच्याही खाली उतरतात. त्या वस्तूंच्या वाटेला जायचं नाही, हे ज्याला कळलं तो निम्मा व्यापारी झाला.

आणि आता जिटा. मला सगळ्यात प्रिय असलेली जागा.

जिटा हे एक तारामंडल. त्यातल्या चौथ्या ग्रहाच्या चौथ्या चंद्राभोवती कॅल्डारी नेव्हीचं स्थानक आहे, सगळे त्याला 'जिटा फोर-फोर' म्हणतात. कंपनीने 'हा मुख्य बाजार' म्हणून ते बांधलेलं नाही. सुरुवातीच्या काळात बाजार युलाई या मंडलात भरायचा, कारण सगळीकडून सरळ मार्ग तिथे येऊन मिळत. कंपनीने ते मार्ग काढून टाकले, आणि व्यापारी पांगता पांगता जिटाला गोळा झाले. एकदा गोळा झाल्यावर हलेनात. माल जिटाला मिळतो म्हणून गिऱ्हाईक जिटाला जातं, आणि गिऱ्हाईक तिथे म्हणून माल तिथे. अमार, डोडिक्सी, रेन्स, हेक इथेही बाजार आहेत, पण भाव सांगताना सगळे जिटाचाच सांगतात. गर्दी इतकी, की या एका मंडलासाठी कंपनीला वेगळी यंत्रसामग्री द्यावी लागली. स्थानकाबाहेर पडलं की भोवती शेकडो जहाजांचे ठिपके, आणि बाजूच्या चॅटमध्ये वाचताही येणार नाही अशा वेगाने वर सरकणाऱ्या ओळी. कोणी दुर्मीळ ब्लूप्रिंट विकतोय, कोणी 'पैसे पाठवा, दुप्पट करून देतो' म्हणतोय. वाशीच्या घाऊक बाजारात पहाटे उभं राहावं तसं मला तिथे वाटतं, आणि कित्येकदा काही विकत घ्यायचं नसतानाही मी तिथे जाऊन थांबलोय.

जिटाला अर्थ आहे तो अंतरामुळे. 'रुनस्केप'च्या ग्रँड एक्स्चेंजमध्ये विकत घेतलेली वस्तू कोणत्याही बँकेतून उचलता येते. 'ईव्ह'मध्ये माल जिथे आहे तिथेच असतो. तो हलवायचा तर जहाजात भरून एकेक मंडल पार करत न्यावा लागतो. मालवाहू फ्रेटर अजस्र आणि मंद. मंडलं जोडणाऱ्या एका दरवाजातून बाहेर आल्यावर वळून वेग धरायलाच त्याला अर्ध्या मिनिटाहून जास्त लागतं, आणि टपून बसलेल्यांना तेवढा वेळ पुरतो. सुरक्षित म्हणवल्या जाणाऱ्या भागातही पोलीस हल्ला थांबवत नाहीत. ते हल्लेखोराला नंतर नष्ट करतात. लुटारूंचा हिशेब साधा असतो. जहाज फुटल्यावर त्यातली प्रत्येक चीज शिल्लक राहायची शक्यता निम्मी. म्हणजे मालाची निम्मी किंमत जर आपल्या गमावलेल्या स्वस्त जहाजांपेक्षा जास्त असेल, तर हल्ला परवडतो. म्हणून मुरलेला वाहतूकदार जहाजात जागा आहे म्हणून माल भरत नाही, लुटारूला परवडणार नाही इतकाच भरतो. शिवाय सोबत एक साथीदार ठेवतो. तो छोट्या जहाजातून आपल्याच फ्रेटरवर वेग रोखणारं जाळं टाकतो. जहाजाची कमाल गतीच उतरल्यामुळे पुढे झेपावायला लागणारी गती चटकन गाठली जाते आणि फ्रेटर निसटतो. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी बराच वेळ तेच बघत बसलो होतो.

ज्यांना स्वतः जायचं नसतं ते वाहतुकीचं कंत्राट देतात. वाहतूकदार मालाच्या किमतीइतकं तारण ठेवतो. माल पोचला तर त्याला भाडं आणि तारण परत, बुडाला तर तारण मालकाचं. 'रेड फ्रॉग फ्रेट'सारख्या खेळाडूंच्या संस्था याच भरवशावर वाढल्या. खेळाच्या नियमांत फसवणूक माफ असताना, निव्वळ तारणाच्या एका सोयीने अनोळखी माणसं एकमेकांच्या हाती अब्जावधींचा माल देतात, हे मला फार मोलाचं वाटतं. जिथे अशी सोय नव्हती तिथे काय झालं तेही सांगतो. ईबँक नावाची ठेवी घेणारी बँक खेळाडूंनी काढली होती. २००९ साली तिच्या प्रमुखाने सुमारे २०० अब्ज आयएसके उचलून खऱ्या पैशांत विकले. पैसे बाहेर विकणं नियमबाह्य असल्याने त्याला खेळातून काढलं गेलं, पण ठेवीदारांचा विश्वास कायमचा गेला.

अंतर बदललं की व्यापार कसा उलटापालटा होतो, ते २०२०मध्ये दिसलं. जिटा आणि अमार हे दोन मोठे बाजार. सुरक्षित मार्गाने दहाच्या आसपास उड्यांवर (एक उडी म्हणजे एका मंडलातून पुढच्या मंडलात). वाट निआर्जा या मंडलातून जायची. त्या वर्षी ट्रिग्लेव्हियन नावाच्या आक्रमकांनी मंडलं गिळायला सुरुवात केली, आणि खेळाडूंना दोन्ही बाजूंनी लढायची मुभा होती. आक्रमकांची बाजू घेतलेल्यांनी निआर्जा पाडलं. गिळलेल्या २७ मंडलांत ते गेलं आणि जिटा ते अमारचा सुरक्षित मार्ग चाळीस उड्यांच्या पुढे गेला. जवळचा रस्ता उरला तो धोकादायक भागातून. एका रात्रीत भाडी चढली, दोन्हीकडच्या भावांत फरक पडला आणि अमारच्या आसपास कारखाने असलेल्यांना बरे दिवस आले. युद्ध खेळणाऱ्यांनी रस्ता तोडला आणि नफा कमावला तो नकाशा वाचणाऱ्या व्यापाऱ्यांनी. माझ्या पाहण्यातला हा खेळाच्या अर्थशास्त्राचा सर्वांत सुंदर धडा.

अशा गोष्टी आधीही घडल्यात. २०१२मध्ये उत्तरेकडच्या चंद्रांवरच्या टेक्नेशियमवर ताबा असलेल्या आघाड्यांनी तेलउत्पादक देशांसारखा संघच केला आणि भाव वर नेला. शेवटी कंपनीने टेक्नेशियमऐवजी दुसऱ्या खनिजावर काम भागवायची सोय दिली तेव्हा भाव उतरला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये गूनस्वॉर्म या आघाडीने 'बर्न जिटा' म्हणून बाजाराच्याच वाटेवर फ्रेटर फोडले. जानेवारी २०१४मध्ये बी-आर फाइव्ह आर बी या मंडलावरच्या ताब्याचं बिल भरायचं राहिलं, आणि त्यातून पेटलेल्या लढाईत ७५ टायटन जहाजं नष्ट झाली. खऱ्या पैशांत तीन लाख डॉलरांहून अधिक किंमत काढली गेली. वर्तमानपत्रांनी स्फोट छापले. मला मात्र पुन्हा पुन्हा कुतूहल वाटतं ते त्या टायटनमागच्या खाणकामगार, वाहतूकदार आणि कारखानदारांबद्दल, आणि दुसऱ्या दिवशी खनिजाच्या ऑर्डरी लावायला बसलेल्यांबद्दल. सीसीपीने २००७मध्येच एयोल्फुर गुदमुंदसन या अर्थशास्त्रज्ञाला या बाजारावर लक्ष ठेवायला पूर्णवेळ नेमलं होतं. २०१४मध्ये ते आक्युरेरी विद्यापीठाचे रेक्टर झाले. त्याच वर्षी रेक्याविकच्या बंदरात खेळाडूंची नावं कोरलेलं स्मारक उभं राहिलं. मी ते पाहायला मुद्दाम गेलो. वाऱ्यात उभं राहून नावं वाचताना, यातल्या कुणी माझ्या जहाजासाठी ट्रिटॅनियम हे खनिज काढलं असेल, हे सारखं मनात येत होतं.

मग वेळ घालवण्याजोगं आहे का? पैशांच्या हिशेबाने बघाल तर २००८पासून प्लेक्स नावाचं वर्गणीचं कूपन आहे. कोणी खरे पैसे देऊन ते घेतो आणि बाजारात विकतो, दुसरा आयएसकेने घेऊन आपली वर्गणी भागवतो. त्यामुळे कुशल व्यापारी खिशातून काही न घालता खेळू शकतो. पण त्यासाठी रोज तासन् तास खाणीत घालवायचे असतील, तर तेवढ्या वेळात बाहेर केलेल्या कामाचे पैसे वर्गणीपेक्षा कितीतरी जास्त होतात. स्थानकात बसून ०.०१ आयएसकेने भाव पाडत राहण्याचा उद्योगही पूर्वी असाच वेळखाऊ होता. २०२०मध्ये भावाचे टप्पे मोठे केल्यापासून तो बराच कमी झाला. शिवाय कंपनी नियम बदलते. २०२१मध्ये मोठ्या जहाजांना लागणारी सामग्री वाढवली आणि अनेकांची वर्षांची गणितं मोडली. म्हणून मी कुणालाही सांगतो, कमाईसाठी यात उतरू नका. भाव वाचण्यात, रस्ता शोधण्यात आणि कुठे काय कमी पडणार हे ओळखण्यात ज्याला रस आहे, त्याला मात्र याहून चांगली शाळा मी पाहिलेली नाही.

भाचा आता तोफा बनवत नाही. युद्ध चालू असलेल्या सीमेवरच्या एका स्थानकात तो दारूगोळा, दुरुस्तीचं साहित्य आणि स्वस्त फ्रिगेट जहाजं ठेवतो. माल जिटाहून कंत्राटाने येतो, एका वेळी थोडाच, आणि भाव जिटापेक्षा चढा असतो. रात्री लढाईत जहाज गमावलेल्याला जिटापर्यंत जायला वेळ नसतो, तो भाचा मागेल ती किंमत देतो. दर रविवारी भाचा गेल्या आठवड्यात कुठल्या मंडलात किती जहाजं फुटली याचा नकाशा उघडतो, आणि पुढची ऑर्डर त्यावरून ठरवतो.