हल्ल्याची दृश्ये : कोणाला, कधी?

■ तोफखाना केंद्रामुळे नाशिक रोडला लष्कर घरचेच. त्यामुळे लष्करी हल्ल्याची दृश्ये कोणाला, कधी दाखवायची हा प्रश्नही जिव्हाळ्याचा.

■ २९ सप्टेंबर २०१६ : सर्जिकल स्ट्राइक. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीला ऑक्टोबरमध्ये माहिती. चित्रफिती वाहिन्यांवर मात्र जून २०१८ मध्येच.

■ ७ मे २०२५ : ‘ऑपरेशन सिंदूर’. निवडक दृश्ये त्याच दिवशी पत्रकार परिषदेत. लोकसभेत चर्चा २८-२९ जुलैला.

■ स्थायी समिती : ३१ सदस्य, लोकसभेचे २१, राज्यसभेचे १०. खात्याचा दैनंदिन कारभार कक्षेबाहेर.

■ माहिती अधिकार : सुरक्षेच्या कारणास्तव कलम ८(१) नुसार नकार देता येतो, लोकहित वरचढ असल्यास कलम ८(२) नुसार माहिती देता येते. केंद्राकडे अर्जाचे शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.

■ जवानांच्या जिवाला धोका होईल ते झाकावेच. पण संपूर्ण चित्रण निदान समितीने पाहायलाच हवे.