सांताक्रूझचा इंजिनीअर

बोहरा धर्मोपदेशकाचा मुलगा, वडिलांकडून अरबी आणि कुराणाचं भाष्य शिकलेला, पोटापाण्यासाठी मात्र मुंबई महापालिकेत सिव्हिल इंजिनीअर. असगर अली इंजिनीअर (१९३९–२०१३) यांचं आडनाव असं हुद्द्याचंच. ‘इन्स्टिट्यूट ऑफ इस्लामिक स्टडीज’ त्यांनी १९८० मध्ये काढली. पुढे मुंबईतल्या दंगलींनंतर, १९९३ मध्ये, समाज आणि धर्मनिरपेक्षतेच्या अभ्यासाचं केंद्र उभं राहिलं, ते मुंबईच्या सांताक्रूझ उपनगरात.

त्यांच्या पुस्तकांपैकी आधी वाचावं ते ‘द ओरिजिन अँड डेव्हलपमेंट ऑफ इस्लाम’. इस्लामचा उगम ते वाळवंटात नव्हे, मक्केच्या बाजारपेठेत शोधतात. व्यापारात पैसा साठत गेला, टोळीतली जुनी वाटणी मोडली, अनाथ-विधवांना वाली उरला नाही. कुराणाचा रोख या विषमतेवर आहे, असं त्यांचं म्हणणं. मांडणीवर मार्क्सची छाप उघड दिसते, क्वचित जास्तच.

माथेरानला जन्मलेले असफ ए. ए. फैजी (१८९९–१९८१) हे त्यांच्या आधीच्या पिढीतले बोहरा अभ्यासक. त्यांचं ‘आउटलाइन्स ऑफ मोहमेडन लॉ’ कायद्याचे विद्यार्थी अजून चाळतात. घराण्यातली इस्माइली हस्तलिखितं त्यांनी मुंबई विद्यापीठाला देऊन टाकली. बोहरा समाजात अशी हस्तलिखितं सहसा परक्याच्या नजरेसही पडत नसत.