सणाच्या ताटातला प्रदेश

नाताळच्या जेवणाची चर्चा मांसाच्या पदार्थापाशीच थांबते. पण प्रदेशाचा खरा ठसा त्याच्या जोडीला वाढलेल्या पदार्थावर असतो. डुकराच्या मांसाचे सोरपोतेल गोव्यात शिजते तसे मुंबईजवळच्या वसईतही. दोन्हीकडे पोर्तुगीज राजवट होती, वसईत १५३४ ते १७३९. गोव्यात त्याच्याबरोबर तांदूळ-नारळाची वाफवलेली सान्नां असतात, तर वसईच्या ‘ईस्ट इंडियन’ म्हणजे स्थानिक ख्रिस्ती घरांत मैदा-अंड्यांचे तळलेले फुगे किंवा तांदळाची हातभाकरी. अमेरिकेत टर्की सगळीकडे तीच, पण दक्षिणेत तिच्या जोडीला मक्याच्या पावाचे सारण, उत्तरेत बहुधा गव्हाच्या पावाचे. कारण सरळ आहे: मांस सणापुरते येते, जोडीचा पदार्थ भोवतालच्या शेतावाडीतून घडतो.

कुणी म्हणेल, घरागणिक सोरपोतेलचा मसालाही बदलतो. खरे आहे, पण पदार्थ तोच राहतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मैदा बाहेरचा, मग फुगे वसईचे कसे? पण पीठ आंबवायला पूर्वी ताडी असे आणि त्यात पडणारे नारळाचे दूधही; दोन्ही किनाऱ्यावरचीच. ताडीच्या जागी यीस्ट आले, तरी सोरपोतेल-फुग्यांची जोडी टिकली. म्हणून वाड्या बुजवून इमारती उठणाऱ्या वसई-विरारमध्ये फुगे आणि हातभाकरीची कृती जपणे म्हणजे इथल्या भूमीचा इतिहासच जपणे.